राउंड म्हणजे गोल

गोरेगावच्या आमच्या खोलीत सगळ्यात मोठा आवाज स्टोव्हचा असायचा. पंप मारून पेटवायचा पितळी स्टोव्ह होता. तो फरफरायला लागला की बाहेरचं काही ऐकू यायचं नाही, आणि भात झाल्यावर हवा सोडून तो विझवला की खोली इतकी गप्प व्हायची की मला माझ्या बांगड्यांचाही आवाज मोठा वाटायचा. शेजारच्या खोल्यांतून कुकरच्या शिट्ट्या, कुणाचा तरी रेडिओ, पोरांना घातलेल्या हाका असं सगळं ऐकू यायचं, पण ते भिंतीपलीकडचं. त्यातली एकही हाक माझ्यासाठी नसायची. म्हणून कधीकधी भात शिजल्यावरही मी स्टोव्ह थोडा वेळ तसाच चालू ठेवायचे. रॉकेल फुकट जातं म्हणून बाबा बोलले असते, पण बाबा घरी असायचेच कुठे?

बाबा स्टुडिओत लाइटमन होते. छताजवळ टांगलेल्या फळ्यांवर चढून मोठमोठे दिवे फिरवायचे, वरून खाली उजेड टाकायचा, हे त्यांचं काम. शूटिंग असेल तेव्हा दोन दोन शिफ्टा सलग, नसेल तेव्हा आठवडा आठवडा घरी. जेव्हा घरी असायचे तेव्हाही अर्धा वेळ झोपलेले. कधीतरी चाळीतल्या कुणाच्या टीव्हीवर रविवारचा सिनेमा बघायला आम्ही दोघं जायचो. बाकीचे नटनट्यांची तोंडं बघत, बाबा त्या तोंडांवरचा उजेड बघत. मध्येच माझ्या कानाशी वाकून म्हणत, "ह्या बाईच्या नाकाची सावळी गालार पडली हा, बघ. कोण होतो गो लायटीर?" मला सावली दिसायची नाही, पण मी मान डोलवायचे. आमच्या दोघांमध्ये बोलायला तेवढंच असायचं.

आई गावाला होती. आजी अंथरुणाला खिळलेली, दोन धाकटे भाऊ शाळेत, एक गाय, थोडी भातशेती. हे सगळं सोडून तिला मुंबईला येता येण्यासारखं नव्हतंच, आणि आलीही असती तर त्या एका खोलीत मावलो नसतो. मी दहावीपर्यंत गावातच. मला चांगले मार्क पडले म्हणून मे महिन्यात बाबा आले आणि आजीला म्हणाले, "हिका मी मुंबईक नेतंय. कॉलेजात घालतंय." आईने कुळथाचं पीठ, कोकमं, सुके बांगडे, उकडे तांदूळ असं एका पोत्यात भरलं आणि पोत्याचं तोंड दाभणाने शिवून टाकलं. मुंबईत आल्यावर ते टाके मी उसवले तेव्हा पोत्यातून आमच्या माजघराचा वास आला. मी पिठी केली, तांदूळ शिजवला आणि पहिल्याच दिवशी एकटीने जेवायला बसले. बाबांची शिफ्ट लागली होती.

कॉलेज अंधेरीला. गोरेगावहून बसने जायचे. शास्त्र शाखा, आणि सगळं शिकवणं इंग्रजीतून. आता इथे लोकांचा एक गैरसमज असतो, तो दूर करते. मराठी शाळेतून आलेल्या मुलीला इंग्रजी येत नाही म्हणजे तिला मोठे शब्द येत नाहीत, असं सगळ्यांना वाटतं. खरं तर उलटं होतं. मोठे शब्द मला चोख येत होते. 'नेसेसरी'चं स्पेलिंग मी झोपेत सांगितलं असतं. 'इंडिपेंडन्स', 'टेंपरेचर', 'सर्कमस्टन्सेस', सगळी पाठ. आमच्या गावच्या सरांनी ती पाठ करूनच घेतली होती. माझी वाट लागली ती छोट्या शब्दांनी.

'कम' म्हणजे येणे. पाचवीतल्या पोरालाही माहीत असतं. पण वर्गातली इंग्रजी शाळांतून आलेली मुलं बोलायची तेव्हा या 'कम'ला मागून काहीतरी एक शेपूट चिकटलेलं असायचं. अप, डाउन, ऑफ, बाय, ओव्हर, अक्रॉस. आणि शेपूट लागलं की ते येणं राहायचंच नाही, भलतंच काहीतरी होऊन बसायचं. 'कम'ही मला माहीत, 'ऑफ'ही माहीत, आणि दोन्ही मिळून मात्र मी पुन्हा अडाणी. कॉलेजच्या लायब्ररीत एक जाडजूड डिक्शनरी होती. तिच्यात 'कम' काढलं तर पानभर बारीक टाइपात त्याची पिल्लावळ. मी ती उतरवून घ्यायला बसले आणि अर्ध्यावर सोडून दिली. पाठ करण्यासारखं त्यात काही नव्हतं. एकाच शेपटाचे चार चार अर्थ, आणि कुठला कधी घ्यायचा ते सांगायला कुणी नाही. (आता माझा नातू फोनला विचारतो आणि फोन बायकी आवाजात उत्तर देतो. मी कौतुकाने बघते. पण विचारायची लाज वाटणं म्हणजे काय, हे त्या पोराला कसं समजावून सांगू?)

लाज वाटायला कारण घडलं होतं. बाबांना एका कॅमेरामनने खूश होऊन एक पेन दिलं होतं, परदेशी, सोनेरी टोपणाचं. बाबांनी ते मला दिलं. प्रॅक्टिकलला माझ्या शेजारी रश्मी नावाची मुलगी असायची. पार्ल्याची, बॉबकट, मनाने वाईट नव्हती. तिने ते पेन उचललं, उलटसुलट करून बघितलं आणि विचारलं, "हाउ डिड यू कम बाय धिस?" मला आनंद झाला. दोन महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी आपणहून मला काही विचारलं होतं, आणि प्रश्न मला कळलाही होता. कशाने आलीस. मी स्पष्ट आवाजात म्हटलं, "बाय बस."

टेबलाभोवतीच्या सगळ्यांना हसू फुटलं. रश्मीही हसली, मग माझ्या पाठीवर थोपटून म्हणाली, "सो स्वीट." तिने विचारलं होतं की हे पेन तुला मिळालं कसं. हे मला कुणी सांगितलं नाही. बऱ्याच दिवसांनी आपोआप समजलं. त्या दिवसापासून 'बाय बस' हे माझं नाव पडलं. छळायला म्हणून नाही, प्रेमानेच म्हणायचे. पण मी बोलायची बंद झाले. वर्गात हजेरीला 'येस सर' आणि घरी बाबा असले तर 'जेवण वाढू?' बस. बाबांची सलग शिफ्ट असेल तेव्हा दिवसभरात एवढंही तोंड उघडायचं नाही. एकदा दुधवाल्याला 'अर्धा लिटर' म्हणायला गेले आणि आवाजच फुटला नाही, घसा खाकरून पुन्हा म्हणावं लागलं.

तर असं चालू असताना एके दिवशी सकाळी, दुसरं लेक्चर सुटलं तेव्हा, कॉलेजच्या फाटकाशी गोविंदकाका उभे दिसले. गोविंदकाका बाबांच्याच स्टुडिओतले, आमच्या शेजारच्या गावचे, आणि आमच्याच मागच्या गल्लीत राहायचे. ते कधी कॉलेजला आले नव्हते. त्यांच्या शर्टाची एक बाही फाटली होती. मला बघून म्हणाले, "शालू, चल. तुका नेवक इलंय. बाबा पडले. वरसून."

रिक्षात त्यांनी सांगितलं. सकाळच्या शिफ्टला बाबा वर चढले होते, दिवा फिरवताना फळी सरकली. दिवा आधी गेला, मागून बाबा. काकांनी खालून धरायला हात घातला होता, त्यात त्यांची बाही फाटली. "बाबा डोक्यार पडलो," ते म्हणाले आणि फाटकी बाही दुमडायला लागले.

हॉस्पिटल मोठं होतं, सरकारी पद्धतीचं. हिरव्या रंगाच्या भिंती, फिनेलचा वास, लांबच लांब वॉर्ड. बाबा शेवटून तिसऱ्या खाटेवर. डोक्याला पट्टी, डोळे मिटलेले, तोंड जरा उघडं. दुसऱ्या शिफ्टहून येऊन झोपायचे तेव्हा त्यांचं तोंड असंच उघडं राहायचं, त्यामुळे बघताक्षणी मला फारशी भीती वाटली नाही. मी हाक मारली. मग खांद्याला हात लावून हाक मारली. मग वाटली.

एक तरुण डॉक्टर आला. तो परप्रांतातला असावा, किंवा इंग्रजीचीच सवय असेल. बाबांचे डोळे उघडून बॅटरी मारून बघितली, कागदावर काहीतरी लिहिलं आणि आमच्याकडे वळून भरभर काही बोलला. त्यातलं डोक्याला मार आहे, फोटो काढला आहे, एवढं मी पकडलं. आणि शेवटी, निघता निघता, घड्याळाकडे बघून म्हणाला, "ही शुड कम राउंड बाय ईव्हनिंग." आणि पुढच्या खाटेकडे गेला.

काका माझ्याकडे वळले. "काय म्हणालो गो डॉक्टर? तू कॉलेजात जातस ना?"

कम. राउंड. पुन्हा तेच. मी मनात जुळवायला लागले. राउंड म्हणजे गोल. पण हॉस्पिटलात राउंड म्हणजे दुसरंही असतं, एवढं मला ठाऊक होतं. मोठे डॉक्टर राउंडला येतात. मी म्हटलं, "संध्याकाळी मोठे डॉक्टर राउंडला येणार, असं म्हणाले."

"आणि बाबांबद्दल?"

"त्याबद्दल काही नाही म्हणाले."

काकांचा चेहरा उतरला. ते मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "डॉक्टर कायच बोलाक नाय म्हणजे समजाचा ता समजाचा. वयनीक बोलावून घेवक व्हया. मी तार करून येतंय. तू हयच बस."

त्या वेळी कोकणात तार म्हणजे काय हे ज्यांनी बघितलं नाही त्यांना सांगते. 'ताबडतोब निघा' अशी तार घेऊन पोस्टमन वाडीत शिरला, की ती कुणी वाचून दाखवायच्या आधीच बायका रडायला लागायच्या. कुठल्या घराची आहे ते नंतर कळायचं. हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी काका गेल्यावर त्या बाकावर बसल्या बसल्या माझ्या मनात सगळ्यात आधी आलं ते हे, की आई येणार. दोन दिवसांत आई या बाकावर माझ्या शेजारी बसलेली असेल. तिच्या लुगड्याचा वास येईल. मला बोलायला कुणीतरी असेल.

मग ते वाक्य पुन्हा कानात वाजायला लागलं. 'ही शुड कम राउंड.' ही? ही कोण? मोठ्या डॉक्टरांबद्दल बोलायचं असतं तर त्याने तसं म्हटलं नसतं का? तो बोलत होता बाबांबद्दल. डोक्याचा मार बाबांचा, फोटो बाबांचा, मग शेवटचा 'ही' एकदम दुसरा कसा होईल? आणि 'ही' जर बाबा असतील तर बाबा राउंडला कुठे येणार? गोल येणार? फिरून येणार? मी बाबांच्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघितलं. ते कुठून येणार होते आणि कसे, हे त्या एका छोट्या शब्दात होतं आणि तो शब्द माझ्याकडे नव्हता.

विचारायला पाहिजे होतं. वॉर्डात एक नर्स होती, केरळची, काळीसावळी, सडपातळ, छातीवर उलटं घड्याळ टाचलेलं. सगळे तिला लीलाम्मा सिस्टर म्हणत होते. ती दोनदा माझ्यासमोरून गेली आणि दोन्ही वेळा मी उठून उभी राहिले आणि पुन्हा बसले. आज हसू येतं. बाप बेशुद्ध आहे, तार निघाली आहे, आणि ही मुलगी घाबरते कशाला, तर कुणी हसेल म्हणून. पण तसंच होतं. प्रॅक्टिकलच्या टेबलाभोवतीचं ते हसणं मी अजून विसरले नव्हते.

तिसऱ्या वेळी ती इंजेक्शनचा ट्रे घेऊन चालली होती. मी तिच्या वाटेत उभी राहिले. "सिस्टर," मी म्हटलं, "कम राउंड. मीनिंग?"

ती हसली नाही. बहुतेक माझ्या तोंडाकडे बघून तिला कळलं असेल की हा अभ्यासाचा प्रश्न नाही. तिने बाबांच्या खाटेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि हातातला ट्रे बाजूच्या स्टुलावर ठेवला. मग भर वॉर्डात उभ्या उभ्या तिने डोळे मिटले आणि मान खांद्यावर टाकली. एकदम ढिली. क्षणभर तशीच राहिली. मग पापण्या हलवल्या, हळूहळू डोळे उघडले, मान उचलली आणि आपण कुठे आहोत हे न समजल्यासारखं इकडेतिकडे बघितलं. नंतर माझ्यावर नजर आणून म्हणाली, "कम राउंड. युवर फादर. ईव्हनिंग टाइम."

शुद्धीवर येणे. एवढंच होतं ते. मराठीतही येणेच.

मी पळत सुटले. पोस्ट रस्त्याच्या पलीकडच्या टोकाला होतं. फळवाले, रिक्षांची रांग, औषधांच्या दुकानांपुढची गर्दी, सगळ्यांतून मी धावत गेले. काका खिडकीशी उभे होते, पुढे एकच माणूस होता.

"काका, थांबा. बाबा शुद्धीवर येणार. डॉक्टर तेच म्हणाले होते. मला कळलं नव्हतं."

"आता कळला?"

"हो."

"कोणी सांगितला?"

"सिस्टरने." तिने कसं सांगितलं ते मी बोलले नाही.

काका रांगेतून हलले नाहीत. "शालू, बघ हां. आज तार नाय गेली तर वयनी वेळेर पोचाची नाय. आणि उद्या काय उलटा झाला, तर तिका मी काय तोंड दाखवू? तुका खरोखर कळला हा काय?"

समोरचा माणूस पैसे देऊन बाजूला झाला. खिडकीतला बाबू काकांकडे बघत होता. मला सतरावं चालू होतं. माझ्या इंग्रजीवर आजवर कुणी काही ठरवलं नव्हतं. मी म्हटलं, "नका पाठवू. आई तिथे घाबरेल. आजीचं तसं, पोरं लहान. नका पाठवू."

काकांनी हातातल्या कागदाची घडी करून खिशात घातली.

परत आलो तेव्हा दुपारची पाळी बदलली होती. लीलाम्मा सिस्टर घरी गेली होती. काकांना स्टुडिओत अपघाताची खबर लिहून द्यायला बोलावलं होतं, ते गेले. आणि मी पुन्हा त्या बाकावर एकटी बसले तेव्हा मला दुसरा शब्द आठवला. शुड. डॉक्टर 'विल' म्हणाला नव्हता, 'शुड' म्हणाला होता. आमच्या सरांनी शिकवलं होतं, शुड म्हणजे पाहिजे. वी शुड ओबे अवर पेरेंट्स. मग हे काय झालं? बाबांनी शुद्धीवर यायला पाहिजे? आणि नाही आले तर? आता विचारायला कुणी नव्हतं. नवी सिस्टर जाडजूड होती आणि सगळ्यांवर खेकसत होती.

ती दुपार मला अजून आठवते, पण सांगण्यासारखं तिच्यात काही घडलं नाही. शेजारच्या खाटेपाशी वेसाव्याची एक कोळीण बसली होती, नवऱ्याच्या पायाचं ऑपरेशन झालेलं. तिने न विचारता अर्धी भाकरी आणि बोंबलाची चटणी माझ्या हातावर ठेवली. मी खाल्ली. ती झोपली. पंखा फिरत होता. मी बाबांच्या पापण्यांकडे बघत बसले होते आणि मनात एकच चालू होतं, की आईला मी थांबवलं आहे. काकांनी नाही, डॉक्टरने नाही. आई आत्ता गोठ्यात असेल, नाहीतर आजीला कुशीवर वळवत असेल, आणि तिला काही माहीत नाही, कारण मी माहीत होऊ दिलं नाही. तेही दोन छोट्या शब्दांच्या भरवशावर, ज्यातला एक मला एका बाईने मान टाकून दाखवला होता आणि दुसरा मला अजून कळलाच नव्हता.

बाहेरचा उजेड कमी झाला तशी कुणीतरी वॉर्डातले दिवे लावले. बरोबर बाबांच्या खाटेवर एक नळीचा दिवा होता. तो एकदा फडफडला, मग लागला. बाबांच्या कपाळाला आठी पडली. मी उठून उभी राहिले. पापण्या हलल्या. ओठ हलले. मी कान तोंडाशी नेला.

"उजेड डोळ्यार येता," बाबा म्हणाले. "बाजूक कर."

दिवा छताला होता, तो बाजूला कसा करणार? मी हात आडवा धरला, त्यांच्या डोळ्यांवर सावली केली. त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं. पण मला ओळखायच्या आधी विचारलं, "दिवो खाली पडलो. कोणाक लागला नाय मां?"

"नाही बाबा," मी म्हटलं. "कुणाला नाही लागलं."

मग त्यांनी मला ओळखलं. "कॉलेज नाय आज?" म्हणाले. आणि मला जे रडू आलं ते कोळीण उठून आली तरी थांबेना.

बाबा पुढे बरेच दिवस त्या वॉर्डात होते. मी कॉलेज सुटलं की तिथेच जायचे. लीलाम्मा सिस्टरला मोकळा वेळ मिळाला की ती खाटेशी यायची आणि आमचा अभ्यास चालायचा. तिने 'कम'ची सगळी शेपटं मला बाबांच्या अंगावर शिकवली, असं म्हटलं तरी चालेल. ताप उतरला की 'कम डाउन'. टाके निघाले की 'कम आउट'. पट्टीचा चिकटपणा गेला, ती सुटून आली, 'कम ऑफ'. आणि बाबा भिंत धरून चार पावलं चालले तेव्हा ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "ही इज कमिंग अलाँग." बरा होतोय हळूहळू. एकही मला उतरवून घ्यावं लागलं नाही, आणि एकही मी आजवर विसरले नाही. शुडचंही तिनेच सांगितलं. "डॉक्टर नेव्हर सेज विल," ती म्हणाली. "ओन्ली गॉड सेज विल." डॉक्टरचं शुड म्हणजे पाहिजे नव्हे, बहुतेक.

तिलाही बोलायला कुणी नव्हतं, हे मला हळूहळू कळलं. नर्सांच्या हॉस्टेलमध्ये राहायची, घरी पैसे पाठवायची, मराठी तिला येत नव्हतं. एकदा तिच्या मोडक्या हिंदीत म्हणाली, "तुम लोगों का सब आता है. नींद आता, गुस्सा आता, चक्कर आता, रोना आता. कौन भेजता है इतना?" बाबा खाटेवर हसले. पडल्यापासून पहिल्यांदा. मला मात्र त्याचं नवल वाटत राहिलं. आमचं येणंही शेपटांचंच होतं, आणि आम्ही ते कधी कुणाकडून शिकलो नव्हतो.

पुढे ती आखाताकडे गेली. जायच्या आधी वॉर्डात सगळ्यांना जिलबी वाटली. माझा पत्ता तिने घेतला होता. एक भेटकार्ड आलं, उंटाचं चित्र असलेलं. नंतर काही आलं नाही.

बाबा बरे झाले, पण पूर्ण नाही. वर बघितलं की त्यांना घेरी यायची. लाइटमनला वर न बघता कसं चालेल? थोडे दिवस स्टुडिओने त्यांना खालचं काम दिलं, वायरी गुंडाळायचं. मग एक दिवस ते म्हणाले, "माका गावाक जावक व्हया." आईला आम्ही पडण्याचं पत्राने कळवलं होतं, बरं झाल्यावर, बेताबेताने. तिचं उत्तर धाकट्या भावाच्या अक्षरात आलं होतं, की देवाने राखलं, तब्येतीला जपा, आत्ता कापणी चालू आहे, आजीला टाकून निघता येत नाही. बाबा गावाला गेले ते तिकडचेच झाले. मी कॉलेज संपेपर्यंत त्या खोलीत राहिले. गोविंदकाकांची बायको दिवसातून एकदा डोकावून जायची, "बरी आसस मां?" विचारायची. मी हो म्हणायचे. स्टोव्ह विझवला की खोली गप्प व्हायची. त्या वर्षांबद्दल लिहायला बसले की पान भरत नाही, आणि तरी आयुष्यातली सगळ्यात लांब वर्षं तीच वाटतात.

वर्गात मी पुन्हा बोलायला लागले. हळूहळूच. रश्मीला एकदा आपणहून सांगितलं की माझे वडील पडले होते आणि 'ही केम राउंड इन द ईव्हनिंग'. तिला त्यात विशेष काही वाटलं नाही. बरोबर वाक्यात काय विशेष वाटायचं? पुढे मी मालाडच्या एका मराठी शाळेत इंग्रजी शिकवलं, निवृत्त होईपर्यंत. 'कम राउंड' आलं की फळ्याकडे पाठ करून डोळे मिटायचे आणि मान खांद्यावर टाकायचे. पोरं हसायची. त्या हसण्याचं मला काही वाटायचं नाही.

ही तारेची गोष्ट मी पुष्कळांना सांगितली आहे. नवऱ्याला, मुलांना, शाळेतल्या बायकांना. सांगताना मला तिचा अभिमानच वाटायचा, की एवढीशी मुलगी, पण वेळेवर धावली, आणि एका घरातलं रडणं वाचवलं. ऐकणाऱ्यांनाही ते तसंच वाटायचं. आईला मात्र कधी सांगितली नव्हती. का कुणास ठाऊक, राहून गेलं.

बाबा जाऊन वर्ष झालं होतं तेव्हा मी गावाला गेले होते. आई पडवीत कुळीथ पाखडत बसली होती. बाबांचा विषय निघाला, त्यांच्या पडण्याचा निघाला, आणि मी तिला सगळं सांगितलं. डॉक्टर, सिस्टर, पोस्टाची खिडकी, काकांनी खिशात घातलेला कागद. नेहमी सांगायचे तशीच रंगवून सांगितली. शेवटी म्हटलं, "नाहीतर तू इथे रडून गाव गोळा केला असतास, आणि आजीला टाकून धावत सुटली असतीस."

आईने सूप खाली ठेवलं. मला वाटलं, बाबांची आठवण आली असेल.

"तुका थंय एकट्याक बसाचा लागला," ती म्हणाली.

"एक दिवस तर, आई."

तिने माझ्याकडे बघितलं नाही. सुपातला एक खडा निवडून अंगणात टाकला.

"तार धाडूची होतीस गो," ती म्हणाली. "मी इलंय असतंय."